‘द वॉटरडान्स’: एका वॉर्डातले तिघे आणि असमान वाटलेली दुसरी संधी

१९९२ साली अमेरिकेतल्या सनडान्स या चित्रपट महोत्सवात क्वेंटिन टॅरँटिनोचा पहिला चित्रपट स्पर्धेत होता आणि तो रिकाम्या हाताने परतला, हा किस्सा सिनेमाच्या गप्पांमध्ये अजूनही हमखास निघतो. त्याच स्पर्धेत प्रेक्षकांनी मते देऊन निवडलेला आणि पटकथेचा पुरस्कारही पटकावलेला चित्रपट कोणता, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो होता नील हिमेनेझ आणि मायकेल स्टाइनबर्ग यांनी मिळून दिग्दर्शित केलेला ‘द वॉटरडान्स’. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या स्वतंत्र चित्रपटांसाठीच्या इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांमध्ये पदार्पणाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट पटकथा हे दोन्ही मान त्याच्याकडे गेले. तरीही त्याचे नाव आज विस्मरणात गेले आहे. वेस्ली स्नाइप्स आणि हेलन हंट यांच्यासारखी पुढे जगभर ओळखली गेलेली माणसे त्यात असूनही असे व्हावे, याचे आश्चर्य वाटते.

पटकथा हिमेनेझ यांची आहे आणि ती त्यांच्या आयुष्यातून आलेली आहे. १९८४ मध्ये डोंगरात भटकंती करताना झालेल्या अपघातात त्यांना कायमचे अपंगत्व आले आणि पुढचे आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेले. चित्रपटातला जोएल गार्सिया हा तरुण लेखकही अशाच अपघातात मान मोडून घेतो आणि कथा सुरू होते ती थेट मणक्याला दुखापत झालेल्यांच्या पुनर्वसन केंद्रात. अपघात पडद्यावर दिसत नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, कारण अपघात दाखवला की प्रेक्षक त्या एका क्षणाशी अडकून राहतो आणि नंतरच्या प्रत्येक प्रसंगात ‘तेव्हा असे झाले नसते तर’ हा हिशेब करत बसतो. इथे ती सोय ठेवलेली नाही. जोएलच्या कवटीत स्क्रूंनी घट्ट बसवलेले धातूचे कडे, त्याला छातीवरच्या जाकिटाशी जोडणाऱ्या दांड्या आणि त्या सांगाड्यातून दिसणारे छत इथपासूनच आपल्याला सुरुवात करावी लागते. एरिक स्टोल्ट्झने बराच काळ मान वळवणे अशक्य असलेल्या अवस्थेत अभिनय केला आहे. डोळे, आवाज आणि थोडी तिरकस विनोदबुद्धी एवढ्याच भांडवलावर तो जोएल उभा करतो.

वॉर्डात जोएलच्या आसपास दोन माणसे आहेत आणि खरे तर चित्रपट त्यांचाच आहे. रेमंड हिल हा कृष्णवर्णीय, बोलघेवडा, स्वतःच्या पराक्रमांच्या फुगवलेल्या कथा सांगणारा माणूस. ती भूमिका स्नाइप्सने केली आहे. दुसरा ब्लॉस, मोटारसायकलवर फिरणारा, उघडपणे वर्णद्वेषी, तोंडाने फटकळ. तो विल्यम फोर्सिथने साकारला आहे. बाहेरच्या जगात ही दोन माणसे एका टेबलावर बसली नसती. इथे त्यांच्या खाटा जवळ जवळ आहेत, त्या कुणाला हलवता येत नाहीत आणि उठून निघून जाण्याचा पर्याय तर मुळातच संपलेला आहे. त्यांच्यातली शिवीगाळ, कुरघोडी आणि मारामारीपर्यंत जाणारा राग बघताना हसू येते आणि त्याच वेळी अवघडल्यासारखेही होते. मारामारी करायची तरी कशी, हा प्रश्न दोघांपुढेही सारखाच आहे.

या दोघांमधले वैर मावळते, हे सांगितल्याने कथेचा भंग होणार नाही, कारण चित्रपटाचे कौशल्य ते कसे मावळते यात आहे. कोणी भाषण करत नाही, कोणी गळ्यात पडून रडत नाही आणि ब्लॉस अचानक सज्जन झाला असे तर मुळीच होत नाही. रोजच्या रोज एकाच प्रकारची लाचारी, एकाच परिचारिकेची वाट पाहणे आणि रात्री दिवा मालवल्यावर उरणारे बोलणे यांतून द्वेषाला खाद्य मिळेनासे होते, एवढेच. पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी पुण्यात खडकीला जे पुनर्वसन केंद्र आहे तिथे, किंवा एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात ज्यांना आप्तांच्या उशाशी बसून दिवस काढावे लागले आहेत, त्यांना अशा वॉर्डातली सक्तीची शेजारमैत्री वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. व्हिक्टर नावाच्या आणखी एका रुग्णाच्या खाटेभोवती जमणारा मोठा गोतावळाही आपल्याला परका वाटत नाही.

शरीराबद्दल हा चित्रपट कमालीचा स्पष्ट आहे. मणक्याच्या दुखापतीत पाय गेले हे जगाला दिसते. लघवी आणि शौचावरचा ताबा, कातडीवर पडणाऱ्या जखमा, लैंगिक संवेदना या गोष्टी मात्र घरातही कुजबुजत बोलल्या जातात. इथे तेच विषय पुरुषांच्या गप्पांमध्ये बिनधास्त, बहुतेक वेळा विनोदाच्या अंगाने येतात. चालणे पुन्हा जमेल का, या प्रश्नापेक्षा पुरुष म्हणून आपले काय होणार, हा प्रश्न या वॉर्डात जास्त जिवंत आहे आणि पटकथेने तो टाळलेला नाही. अशा वॉर्डातल्या कथा हॉलीवूडला नवीन नव्हत्या. मार्लन ब्रँडोचे पडद्यावरचे पदार्पणच मुळी १९५० साली अशा एका युद्धजखमी सैनिकाच्या भूमिकेतून झाले होते. परंतु तिथे युद्धाची प्रतिष्ठा सोबतीला होती. जोएल, रेमंड आणि ब्लॉस यांच्या दुखापतीला कसलेही उदात्त कारण नाही आणि म्हणूनच त्यांच्याविषयी आदर वाटण्याची जबाबदारी प्रेक्षकावर लादली जात नाही.

दुसऱ्या संधीबद्दल हा चित्रपट जे सांगतो, ते मला सर्वांत मोलाचे वाटले. अपंगत्वावरच्या चित्रपटांमध्ये ही संधी बहुधा बक्षिसासारखी येते: जिद्द दाखवा, शेवटी टाळ्या मिळतील. इथे ती तिघांना सारख्या मापाने मिळतच नाही. जोएल लेखक आहे, त्याचे हात चालतात, डोके चालते, त्यामुळे त्याचे काम त्याची वाट पाहत आहे. शिवाय ॲना ही त्याची प्रेयसी, जी दुसऱ्याची पत्नी आहे, त्याच्यासाठी आपला संसार मोडायला तयार आहे. दैवाने एवढे सगळे समोर मांडूनही ते स्वीकारण्याचे बळ त्याच्यात नाही. ॲनाचे प्रेम खरे आहे की दया, हे तिला सिद्ध करता येणार नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि या शंकेचा तो तिच्याविरुद्ध शस्त्रासारखा वापर करतो. रेमंडची गोष्ट उलट आहे. त्याला सुधारायचे आहे, पत्नी आणि मुलगी परत हवी आहे. पण अपघाताआधीच्या वर्षांत त्याने जे वागून ठेवले, त्याची किंमत पायांबरोबर फिटलेली नाही. पत्नीच्या बाजूने पाहिले तर तिचे वागणे अन्यायाचे वाटत नाही, आणि पटकथा तिला खलनायिका करत नाही, याचे श्रेय हिमेनेझना द्यायला हवे. अपंगत्व आले म्हणून जुनी उधारी माफ होत नाही, हे इतक्या सहानुभूतीने आणि तरीही इतक्या निष्ठुरपणे सांगणारा दुसरा चित्रपट मला आठवत नाही.

चित्रपटाचे नाव रेमंडला पडलेल्या एका स्वप्नातून आले आहे. स्वप्नात तो पाण्याच्या पृष्ठभागावर नाचतो आहे आणि थांबला तर बुडणार आहे. हे स्वप्न तो सांगतो तो प्रसंग स्नाइप्सच्या कारकिर्दीतल्या उत्तम प्रसंगांपैकी एक आहे. पुढच्या काळात मारधाडपटांनी या नटाला मोठे नाव आणि पैसा दिला, पण त्या सगळ्या भूमिकांमध्ये त्याचा चेहरा कडक होत गेला. इथला त्याचा चेहरा सतत बदलतो. बढाई मारताना मध्येच त्याच्या डोळ्यांत भीती डोकावते आणि तो पुढच्या वाक्यात ती विनोदाखाली झाकतो. फोर्सिथचे काम तर माझ्या मते चित्रपटातले सर्वांत अवघड आणि सर्वांत चोख काम आहे, कारण ब्लॉस प्रेक्षकांना आवडावा म्हणून त्याने क्षणभरही धडपड केलेली नाही.

खर्च बेताचा असल्याच्या खुणा जागोजागी दिसतात. बराचसा चित्रपट वॉर्ड, मार्गिका आणि अंगण एवढ्यातच घडतो. निर्मात्यांमध्ये गेल ॲन हर्ड यांचे नाव वाचून मात्र गंमत वाटते, कारण यंत्रमानव आणि परग्रहवासीयांच्या महागड्या चित्रपटांसाठी त्या ओळखल्या जात. बंदिस्तपणा कथेच्या पथ्यावर पडला आहे. कॅमेराही बहुधा खाटेच्या किंवा खुर्चीच्या उंचीवर राहतो आणि उभी माणसे थोडी परकी वाटू लागतात. तिघे केंद्रातून गुपचूप बाहेर पडून नग्ननृत्याच्या एका बारमध्ये जातात, तो भाग याच्या नेमका उलटा आहे. तिथे मोकळी हवा आहे, धमाल आहे, आणि आपण बाहेरच्या जगात नेमके कसे दिसतो याची पहिली कडू चव पण आहे. चित्रपटाचा सर्वोत्तम अर्धा तास कोणता, असे विचारल्यास मी याच भागाकडे बोट दाखवेन.

उणिवा आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. पार्श्वसंगीत अनेकदा प्रसंगाच्या पुढे धावते आणि जे अभिनयातून नीट पोहोचले आहे ते पुन्हा कानात सांगते. शेवटच्या भागात काही गाठी जरा घाईने सोडवल्या आहेत. सर्वांत खटकते ते ॲनाचे पात्र. हेलन हंटने त्यात जीव ओतला आहे, परंतु ती वॉर्डाबाहेर पडली की लेखकाला तिच्यात रस उरत नाही. तिने सोडायला काढलेला संसार, तिचा अपराधभाव, तिचे दिवस यांबद्दल आपल्याला फार थोडे कळते. एलिझाबेथ पेन्याने साकारलेली रोसा ही परिचारिका जेवढ्या वेळ दिसते तेवढ्यात जास्त भरीव वाटते. (याच हंटने वीस वर्षांनी, २०१२ मध्ये, पोलिओने जखडलेल्या एका कवीच्या लैंगिक अनुभवावरच्या चित्रपटात काम केले आणि त्यासाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. या विषयाची तिची ओळख जुनी होती, असे म्हणायला हरकत नाही.)

आजच्या प्रेक्षकाला आणखी एक प्रश्न पडेल आणि तो रास्त आहे: तिन्ही मुख्य भूमिका अपंगत्व नसलेल्या नटांनी केल्या आहेत. मात्र इथे कथा लिहिणारा आणि दिग्दर्शनाच्या जोडीतला एक जण स्वतः चाकाच्या खुर्चीत होता, आणि त्याचा परिणाम पडद्यावर स्पष्ट जाणवतो. खाटेवरून खुर्चीत सरकणे, निर्जीव पाय हाताने उचलून ठेवणे, उंबरठ्याशी होणारी क्षणभराची अडचण या साध्या क्रियांचे नाटक केलेले नाही आणि त्या घाईने उरकलेल्याही नाहीत.

१०६ मिनिटांचा हा चित्रपट मुलांबरोबर पाहण्यासारखा नाही. भाषा शिवराळ आहे, वर्णद्वेषी शब्द जसेच्या तसे आहेत आणि लैंगिक विषयांवरचे बोलणे मोकळे आहे. संवाद वेगवान आणि बोलीभाषेतले असल्यामुळे उपशीर्षके लावून पाहणे बरे. ज्यांच्या घरात अशी दुखापत नुकतीच झाली आहे, त्यांनी तो लगेच पाहावा असे मी म्हणणार नाही. थोडा काळ जाऊ द्यावा, आणि मग तो दुखापत झालेल्या माणसासोबत बसून पाहावा, कारण यातल्या बऱ्याच विनोदांवर त्यालाच आधी हसू येईल.