जुना सिक्वेन्सर रिपेअरला देताय? लॅमिंग्टन रोडचा माझा अनुभव

ज्यांचे नव्वदीतले हार्डवेअर सिक्वेन्सर, म्हणजे गाण्यांची साथ रेकॉर्ड करून परत वाजवणारी मशीन, अजून कार्यक्रमात वाजतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आतल्या गल्लीत, वरच्या मजल्यावर एक दुकान आहे, पाटी वगैरे काही नाही, खाली कुणालाही कीबोर्ड रिपेअर कुठे विचारलं की जिना दाखवतात. जुन्या मशीनमधला डेटा ज्याला महत्त्वाचा आहे त्याने डोळे झाकून तिथेच जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या ऑर्केस्ट्राचा सिक्वेन्सर चालू केला की स्क्रीनवर बॅकअप बॅटरी लो असं यायला लागलं होतं, मग काही पॅटर्नची नावं बिघडली, अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं. आत कोळीगीतं, लावण्या, गणपतीच्या कार्यक्रमांचं सगळं सेटिंग, प्रत्येक गायकाच्या पट्टीप्रमाणे लावलेलं, ते परत बसून करायचं म्हणजे विचारच नको. आधी दुसरीकडे दाखवला तर म्हणाले ठेवून जा, दहा मिनिटांत सेल बदलून देतो. तिथून मी मशीन उचलून आणलं, कारण त्या काळच्या बऱ्याच मशीनमध्ये गाणी एसरॅम नावाच्या मेमरी चिपवर असतात आणि पॉवर बंद असताना त्या चिपला फक्त तो ३ व्होल्टचा लिथियम सेल जगवत असतो. सेल काढला की मेमरी त्याच क्षणी कोरी होऊ शकते. आणि अनेक मशीनमध्ये तो नुसता खोचलेला नसतो, पत्र्याच्या पायांनी बोर्डावर सोल्डर केलेला असतो.

या दुकानातल्या काकांनी स्क्रू ड्रायव्हरला हातही लावला नाही, पहिला प्रश्न, "डेटा बाहेर काढलाय का?" नाही म्हटल्यावर मिडी केबल (वाद्यं एकमेकांशी आणि काँप्युटरशी जोडायची) लावली, मशीनच्या युटिलिटी मेनूतून बल्क डंप, म्हणजे आतला सगळा डेटा एकदम, सोडला आणि काँप्युटरवर सिसेक्स (मशीनच्या स्वतःच्या भाषेतला मिडी डेटा) फाइल म्हणून घेतला. तो पण एकदा घेऊन थांबले नाहीत, दोनदा घेतला आणि दोन्ही फाइल जुळतात का ते बघितलं. मला हे फार आवडलं. ते म्हणाले स्वस्तातल्या यूएसबी मिडी केबल नोट बरोबर पाठवतात पण लांबलचक डंप आला की मधले बाइट गाळतात, फाइल दिसायला नीट दिसते आणि परत भरायला गेलं की चेकसम एरर, म्हणजे डेटाची बेरीज जुळत नाही. मिडीचा वेग मुळात सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे जेमतेम ३ किलोबाइट, त्यामुळे मोठा डंप वेळ घेणारच, मध्ये घाई करून केबल काढायची नाही.

मग मशीन उघडलं, मीटर लावला, सेल २.४ व्होल्टवर आलेला, म्हणजे अगदी वेळेवर आलो म्हणायचं. त्यांनी बोर्डावर बाहेरून ३ व्होल्टचा आधार जोडला आणि मगच जुना सेल काढला. सोल्डरिंग गन तापवून टोक टेकवायच्या आधी चक्क प्लग ओढून काढत होते, अर्थिंगमधून करंट चिपला लागू नये म्हणून, थंड झाली की परत लावायची, परत तापवायची, परत प्लग काढायचा, आणि हे सगळं कसलीही कटकट न करता. नवीन सेल थेट सोल्डर न करता होल्डर बसवून दिला, साधा सीआर२०३२ बसतो, पुढच्या वेळी सोल्डरिंगची भानगडच नाही.

दुसरी तक्रार होती मेमरी फुलची. मोजकी गाणी आणि मेमरी फुल कसली, मला वाटलं चिप गेली. काकांनी इव्हेंट लिस्ट उघडून दाखवली, बासरीच्या ट्रॅकमध्ये नोटा थोड्या आणि आफ्टरटचच्या, म्हणजे दाबलेल्या पट्टीवरच्या दाबाच्या, ओळीच ओळी. मास्टर कीबोर्डवर बोट दाबून धरलं की तो सतत डेटा सोडत राहतो, आवाजात फरक पडो न पडो, आणि सिक्वेन्सर ते सगळं इमानदारीत रेकॉर्ड करतो. आफ्टरटच उडवला, पिच बेंडवर (सूर वरखाली सरकवण्याचा डेटा) थिन आउट मारला, म्हणजे तो विरळ केला, ढीगभर जागा मोकळी झाली आणि मींड तशीच्या तशी ऐकू येते. आता रेकॉर्डिंगच्या आधी कीबोर्डवरच आफ्टरटच बंद करते. तेव्हा मेमरी फुल आणि मेमरी उडणं हे दोन वेगळे आजार आहेत, पहिल्यासाठी चिप बदलायला पैसे घालवू नका.

ज्यांच्याकडे आकाई एमपीसी २००० हा सॅम्पलर-सिक्वेन्सर आहे त्यांचं प्रकरण वेगळं, त्यात सिक्वेन्स साध्या रॅममध्ये असतात, सेव्ह न करता बंद केलं की गेलंच, सेलचा तिथे संबंध नाही. आणि स्मार्टमीडिया या जुन्या मेमरी कार्डवाल्यांनी कार्ड मशीनमध्येच फॉरमॅट करायचं, काँप्युटरवर केलेलं बऱ्याचदा मशीन ओळखतच नाही. ३.३ आणि ५ व्होल्टची कार्डं पण वेगळी येतात, घेताना बघून घ्या.

सेल, होल्डर आणि मजुरी मिळून सातशे रुपये घेतले, डंपची फाइल पेन ड्राइव्हवर दिली, त्याचे वेगळे पैसे नाहीत. कमी काय म्हणाल तर फोन उचलत नाहीत, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि जिना इतका अरुंद की मोठा कीबोर्ड असेल तर सोबत कुणाला तरी न्याच. जवळचं स्टेशन ग्रँट रोड, तिथे फास्ट लोकल थांबत नाही, स्लो पकडून पूर्वेला उतरा. रविवारी बंद. गणपतीच्या आधी तर जाऊच नका, सगळ्या मुंबईचे ऑक्टापॅड तिथे येऊन पडलेले असतात आणि काका घाईत काम घेत नाहीत, सरळ नंतर या म्हणतात.