अक्षता पडताना अडणारा व्हिडिओ आणि हँडब्रेक

ताईच्या लग्नाचा व्हिडिओ घरात किती वेळा लावला असेल, मोजदाद नाही. दरवेळी तो एकाच जागी अडायचा. शेवटचं मंगलाष्टक होतं, चारी बाजूंनी अक्षता उडतात, वरून चमकीच्या कागदांचा फवारा येतो आणि नेमकी तिथेच पडद्यावर चकरी फिरायला लागते. आजी खाटेवरून विचारायची, "काय व्हयनं रे भाऊ, बंद पडी गया का?"

आमचं घर चोपडा तालुक्यात, जुनं धाब्याचं, भिंती हातभर जाड. राउटर ओसरीत, आजीचा टीव्ही मधल्या खोलीत. तिथे वायफायचा वेग मोजला तर 12 एमबीपीएस. लॅपटॉपवरच्या जेलीफिनमधून, म्हणजे घरातले व्हिडिओ वायफायवरून टीव्हीला पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, व्हिडिओ सोडतो. लग्नाची फाइल मी हँडब्रेक या व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच बनवली होती, दर्जाचा आकडा आरएफ 20 ठेवून. सरासरी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, साडेचार एमबीपीएस. मग 12 मध्ये साडेचार का मावू नये?

मी सरासरीच बघत बसलो होतो. आरएफ म्हणजे दर्जा कायम ठेवायचा, बिट लागतील तितके घ्यायचे. नवरदेव-नवरी पाटावर स्थिर बसलेत तेव्हा 2 एमबीपीएसमध्ये भागतं. पण अक्षतांचा प्रत्येक दाणा दर फ्रेमला नव्या जागी असतो, आधीच्या चित्रातून उचलण्यासारखं काही उरत नाही. जवळपास अर्धं मिनिट बिटरेट 25 च्या पुढे जात होता. टू-पास लावून, म्हणजे व्हिडिओ दोनदा तपासायला लावून, सरासरी ठरवून दिली तरी उसळी राहतेच, कारण तिथेही बंधन सरासरीवर असतं, त्या क्षणावर नसतं.

उपाय हँडब्रेकमध्येच आहे. व्हिडिओ टॅबच्या तळाशी जादा पर्यायांची एक लांब रिकामी चौकट असते. एक्स264 हा एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा भाग) निवडून तिथे व्हीबीव्ही-मॅक्सरेट आणि व्हीबीव्ही-बफसाइझ ही दोन नावं इंग्रजी लहान अक्षरांत आपापल्या आकड्यासह लिहायची, दोन्हींच्या मध्ये कोलन, आकडे किलोबिटमध्ये: vbv-maxrate=8000:vbv-bufsize=8000. आपल्या ठिबकवाल्याला हे लगेच कळेल: मॅक्सरेट म्हणजे टाकीत येणारी धार, बफसाइझ म्हणजे टाकी. एन्कोडरला टाकी रिकामी होऊ द्यायची नसते. टाकी मोठी ठेवली तर थोडा वेळ धारेपेक्षा जास्त उपसा चालतो, म्हणजे उसळी पुन्हा डोकं काढते. म्हणून मी दोन्हीकडे 8000 लिहिलं. एका सेकंदापुरती टाकी.

पहिल्या रात्री फक्त मॅक्सरेट लिहिला होता आणि सकाळी फाइल जशीच्या तशी. बफसाइझ दिला नाही तर एक्स264 मॅक्सरेट सोडून देतो. त्यामुळे दोन्ही लिहायचेच. आणि पूर्ण साडेतीन तासांची फाइल पुन्हा करू नका! रेंजमध्ये सेकंद निवडून फक्त मंगलाष्टकाची पाच मिनिटं काढा, टीव्हीवर लावून बघा, पटलं की मगच रात्रभर लावा. हे आधी सुचलं असतं तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

दर्जाचं खरं सांगतो. अक्षतांच्या क्षणी पॉज केलं तर दाण्यांच्या कडा मऊ दिसतात, ताईच्या शालूची जर थोडी पुसट होते. चालत्या चित्रात मला ते जाणवत नाही. बाकी लग्न आरएफ 20 ला होतं तसंच आहे. सात जीबीची फाइल थोडीशीच लहान झाली. मूळ फाइल मात्र वेगळ्या डिस्कवर जपून ठेवलीय.

सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे. एवढ्या उपयोगाच्या सोयीला स्वतंत्र जागा हवी होती, नवख्याला ती चौकट सापडायची नाही. तरी घरच्या व्हिडिओंसाठी मी हेच सुचवेन.

पुढचं काम काकांच्या लग्नाच्या कॅसेटचं. जुन्या टेपवरची खरखरही अक्षतांसारखीच बिट खाते, म्हणून तिथे आधी हँडब्रेकमधला खरखर कमी करणारा एनएलमीन्स फिल्टर हलक्या हाताने लावून बघणार आहे. मॅक्सरेट 4000 पासून सुरू करतोय.