सर्व्हाव्हॅक की गार्डासिल ९?

मुलीला एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूवरची) लस द्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न हाच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे. ती विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांपासून संरक्षण देते. गार्डासिल ९ त्यात आणखी पाच प्रकारांची भर घालते. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे १६ आणि १८ हेच दोघे असतात. नऊ प्रकारांची लस धरली तर आकडा ९० च्या आसपास जातो. फरक खरा आहे, पण किमतीतला त्याहून मोठा: सर्व्हाव्हॅकचा डोस आला तेव्हा साधारण २,००० रुपयांना होता, गार्डासिल ९ चा त्याच्या कितीतरी पट. ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात, पंधरानंतर तीन लागतात. म्हणून महागड्या लशीसाठी पैसे साठवत वर्षं घालवण्यापेक्षा परवडणारी आत्ताच द्यावी, असं माझं स्पष्ट मत. मुलग्यांनाही द्यावी, या विषाणूमुळे येणारे गुप्तांगावरचे चामखीळ त्यांनाही होतात.

कंडोम कोणत्याही लशीसोबत लागतोच. एचपीव्ही त्वचेच्या स्पर्शानेही पसरतो, त्यामुळे कंडोमने तो पूर्ण अडत नाही. पण गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया), एचआयव्हीपुढे या दोन्ही लशी निरुपयोगी. आणि तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी लस घेतली तरी करायचीच.