नोजी कप, थिकनर पावडर आणि ओटी मॅडम: बरेच महिने वापरल्यावर काय टिकलं, काय नाही

आमचा नोजी कप परवा फुटला. ज्यांच्या घरी गिळण्याच्या त्रासाचं पेशंट आहे त्यांना हा कप कसा असतो ते सांगायला नको, एका बाजूने अर्धगोल कापलेला, नाकाला जागा सोडणारा. आमचा बरोबर त्या कापाच्या कोपऱ्यातून चिरला आणि चीर पार खालपर्यंत गेली. दुकानदाराला फोटो पाठवला (ऑनलाइन सर्जिकल सामान विकणारा आहे, नाव घेत नाही) तर उत्तर आलं की तोंडाला लागलेली वस्तू परत घेत नाही आणि तुम्ही गरम पाण्याने धुतला असणार. अहो, ज्या बाईला न्यूमोनिया होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप चाललाय तिचा पेला गरम पाण्याने नाही धुवायचा तर कशाने धुवायचा? साडेसहाशे रुपये घेतले त्या प्लास्टिकच्या तुकड्याचे. तेव्हा आज बसून सगळ्याच गोष्टींचा अनुभव लिहिते, म्हणजे नव्याने यात पडणाऱ्यांचे पैसे तरी वाचतील.

पेशंट माझ्या सासूबाई, वय पंच्याहत्तरच्या पुढे. पॅरालिसिसचा झटका मेंदूच्या उजव्या बाजूला आला, म्हणजे डावा हात, डावा पाय आणि डावा गाल गेला. नाकातली नळी निघाली, घरी आलो, आणि डिस्चार्ज कार्डावर खायच्या-प्यायच्या रकान्यात दोन ओळी, घट्ट द्रव द्या आणि मऊ आहार द्या. किती घट्ट, कशाने घट्ट, कसं बसवून, कुणी सांगितलं नाही. पाण्याच्या प्रत्येक घोटाला ठसका लागायचा, आणि ज्या घोटाला लागायचा नाही त्याची भीती जास्त, कारण पाणी श्वासनलिकेत जाऊनही (न्यूमोनियाची भीती त्यातूनच) खोकला न येणं हा प्रकार असतो आणि तो बाहेरून कळत नाही.

थिकनर आधी, म्हणजे पाणी-चहा दाट करायची पावडर, कारण सगळ्यात जास्त खर्च तिथे झाला. दोन जातीचे येतात, स्टार्चवाले आणि झँथन गमवाले. स्टार्चवाला स्वस्त म्हणून आधी तोच आणला. चहात टाकला, चांगला दाट झाला, अर्ध्या तासाने बघितलं तर चमचा उभा राहील इतका घट्ट. आणि उलटंही होतं. लाळेत अमायलेज असतं, ते स्टार्च फोडतं, त्यामुळे उष्टा चमचा परत वाटीत गेला की थोड्या वेळाने वाटीतलं पातळ व्हायला लागतं. भाताच्या पेजेचंही हेच होतं, सकाळी वाटीत दाट दिलेली पेज निम्मी संपेपर्यंत कडेला पाणी सोडते ते मी रोज बघायचे. झँथनवाला या बाबतीत पक्का, लाळेने पातळ होत नाही, पाण्यात टाकला तर पाणी स्वच्छ दिसतं आणि पिठूळ चव येत नाही. महाग आहे पण डबा जास्त दिवस पुरतो, कारण कमी लागतो.

एक तक्रार मात्र झँथनवाल्याचीही आहे. डब्यावर लिहिलंय टाका, ढवळा, थोडं थांबा. पाण्याला ते बरोबर आहे. दुधाच्या चहाला नाही. दुधात तो हळू घट्ट होतो, खूपच हळू, आणि घट्ट झाला नाही म्हणून माणूस अजून अर्धा चमचा टाकतो, मग चहा पिववत नाही. आपल्याकडे पेशंटला पहिली आठवण चहाची येते हे डबा विकणाऱ्यांना माहीत नाही का? चार शब्द छापायला काय जातं? आता आम्ही चहा करून पावडर घालून झाकून ठेवतो, तोवर सासूबाईंचे दात घासून होतात, मग देतो.

आणि हे नीट वाचा, कारण हे जिवावर बेतू शकतं. बद्धकोष्ठासाठी जी पॉलीएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात (पाण्यात विरघळवून घ्यायची, बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना चालू असते) ती आणि स्टार्चवाला थिकनर एकत्र आले की घट्टपणा जातो, पाण्यासारखं पातळ होतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२१ मध्ये याबद्दल इशारा दिलेला आहे. आमच्याकडे दोन्ही चालू होतं, ओटी मॅडमनी (ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते) औषधांची पिशवी ओतून बघितली म्हणून कळलं, त्यांनी आमच्या डोळ्यासमोर पेल्यात करून दाखवलं, दाट द्रव दोन मिनिटांत सैल पडला. डब्यावर याचा एक शब्द नव्हता, औषधाच्या दुकानातही कुणी विचारलं नाही.

पहिले दोन महिने मला कुणी विचारलं असतं तर मी थिकनरला पाचात पाच दिले असते. आता तीन देते. सासूबाई ते पाणी पितच नव्हत्या. दाट पाण्याने तहान भागत नाही असं त्या स्वतः म्हणायच्या, लघवी पिवळीजर्द व्हायला लागली. मग स्पीच थेरपिस्टनी (बोलण्याबरोबर गिळण्याचेही उपचार हेच करतात) सांगितलं की हे सगळीकडे दिसतं. २००८ साली अमेरिकेत पार्किन्सन आणि डिमेन्शियाच्या ५१५ पेशंटवर मोठा अभ्यास झाला, एका गटाला हनुवटी खाली घेऊन साधं पाणी, दुसऱ्यांना दाट केलेलं. तीन महिन्यांत न्यूमोनियाच्या प्रमाणात ठोस फरक निघाला नाही, आणि अंगातलं पाणी कमी होण्याचा त्रास दाटवाल्यांमध्ये जास्त, ६ टक्के विरुद्ध २ टक्के. आमचा आजार वेगळा आहे हे मान्य, म्हणून एंडोस्कोपीने गिळणं तपासून, डॉक्टरांना विचारून, मग जेवणाच्या मधल्या वेळात तोंड स्वच्छ घासून साधं पाणी थोडं थोडं सुरू केलं. याला फ्रेझियर पद्धत म्हणतात, लुईव्हिलच्या पुनर्वसन रुग्णालयात १९८४ मध्ये सुरू झालेली. जेवताना मात्र दाटच. तपासणीशिवाय हे कुणी घरी करू नका, प्रत्येकाचा घसा वेगळा वागतो.

आता परत कप. मी या कपाबद्दल एवढं का बोलते तर सगळ्या सामानात सगळ्यात जास्त फरक याने पडला, आणि सगळ्यात जास्त लुबाडणूकही यातच आहे. साध्या पेल्यात पाणी तळाशी गेलं की पेल्याची वरची कड नाकाला लागते आणि माणूस आपोआप मान मागे टाकतो. मान मागे गेली की द्रव वेगाने घशात उतरतो आणि श्वासाचा रस्ता बंद व्हायला वेळ मिळत नाही. आणि दाट केलेला द्रव तर ओठापर्यंत यायलाच वेळ लावतो, त्यामुळे पेला अजून कलवावा लागतो, मान अजून मागे जाते. म्हणजे महागडी पावडर घालून साध्या पेल्याने द्या, एका हाताने कमावलेलं दुसऱ्या हाताने जातं. हे डिस्चार्जच्या वेळी कुणीतरी सांगायला हवं होतं.

कापलेली बाजू नाकाकडे येते, ओठ लागतो तो समोरच्या, न कापलेल्या कडेला. हे लिहून ठेवा आणि कपावर मार्करने लिहा. आमच्याकडे दिवसा येणाऱ्या मावशी कापलेल्या बाजूनेच पाजत होत्या, कारण बघणाऱ्याला तेच पिण्याचं तोंड वाटतं, आणि मग सगळं अंगावर सांडतं. खोक्यात चित्र नाही, कागद नाही, काही नाही.

सासूबाईंची सवय बशीतून चहा प्यायची. मला वाटलं होतं मॅडम बशी एकदम बंद करतील, त्यांनी आधी नीट बघितलं. बशीला नाक अडत नाही, हनुवटी खालीच राहते, तेवढं चांगलं आहे म्हणाल्या, पण भुरका मारताना आपण हवा आत ओढतो आणि त्याच हवेबरोबर चहा, म्हणून नको. मग फुटलेल्या कपाचं पुढे काय झालं ते सांगते. मॅडमनी किराणा-भांड्याच्या दुकानातून मऊ प्लास्टिकचा पेला आणायला लावला, तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेला, कारण तो पॉलिप्रॉपिलीनचा, गरम पाणी सोसतो आणि दाबला तर वाकतो, चिरत नाही. काचेसारखा कडक चमकणारा घ्यायचा नाही. मार्करने इंग्रजी यू काढला, कात्रीने कापला, कोपरे टोकदार न ठेवता गोल केले (आमचा विकतचा तिथेच फुटला होता!), कडेला बारीक पॉलिश पेपर मारला आणि स्वतःच्या ओठांवरून आणि नाकावरून फिरवून बघितला. वीस रुपयांचा पेला. साडेसहाशेवाल्यापेक्षा चांगला चालतोय.

आता ओटी मॅडमबद्दल. आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हटलं की लोक हाताचे व्यायाम एवढंच समजतात, जेवणाशी त्यांचा काय संबंध असं आमच्या नणंदेनेही विचारलं. पहिल्या भेटीत मॅडमनी घशाला हातच लावला नाही. घशाचे व्यायाम स्पीच थेरपिस्टकडे, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. यांनी बघितलं खुर्चीकडे. सासूबाई पलंगावर उशा लावून जेवायच्या, हळूहळू डावीकडे घसरायच्या. मॅडमनी हाताच्या खुर्चीत ताठ बसवलं, पाय लोंबकळत होते म्हणून खाली लाकडी पाट, डाव्या कुशीला गुंडाळलेला टॉवेल, डावा हात टेबलावर समोर दिसेल असा. नुसत्या पाटाने मान स्थिर झाली, मी उगीच सांगत नाही, पाय टेकले नाहीत तर धड डुलतं आणि धड डुललं तर मान गिळण्याचं काम सोडून तोल सांभाळत बसते. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास तसंच बसवायचं.

मग ताट. सासूबाई डावीकडचं खातच नव्हत्या. आम्हाला वाटायचं भाजी आवडत नाही. ताट फिरवलं की तीच भाजी संपायची. मेंदूच्या उजव्या बाजूच्या झटक्यात बऱ्याचदा डाव्या बाजूच्या जगाची दखलच जाते, दिसत असून लक्षात येत नाही. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली आणि प्रत्येक घासाआधी लाल दिसते का विचारायचं. आणि हेच गालाच्या आत, डाव्या गालफडात घास तसाच पडून राहतो आणि त्यांना पत्ता नसतो. जेवणानंतर जीभ फिरवायला सांगायची, आरसा द्यायचा, मग ब्रश. झोपताना गालात राहिलेला भात हा सगळ्यात वाईट प्रकार.

सगळ्यात मोठी भांडणं घरात झाली ती भरवण्यावरून. नणंद म्हणायची वहिनी, तू पाऊण तास त्यांना स्वतः खायला लावतेस, भरवून टाक ना दहा मिनिटांत, त्रास कशाला देतेस. मॅडमचं म्हणणं उलट. हातात घास घेतला, वास आला, हात वर आला की तोंड आणि घसा आधीच तयार होतात, दुसऱ्याच्या हातचा चमचा अचानक येतो. गिळण्याच्या त्रासावर संशोधन करणाऱ्या सुझन लँगमोर यांनी १९९८ मध्ये वृद्धांमधल्या, घास-पाणी-लाळ श्वासनलिकेत जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाची कारणं तपासली तेव्हा दुसऱ्याच्या हाताने खावं लागणं हे सगळ्यात ठळक कारणांमध्ये निघालं, किडलेले दात आणि तोंडाची सफाई दुसऱ्यावर अवलंबून असणंही त्यात होतं. म्हणून सासूबाईंचा उजवा हात, त्यावर माझा हात, आणि हळूहळू माझा हात मनगटाकडे, मग कोपराकडे, मग नाहीच. चमच्याच्या दांड्याला फोमची नळी चढवली, ताटाखाली घसरू नये म्हणून रबरी जाळीची मॅट, ताटाला उभी कड. आता वरण-भात त्या स्वतः खातात आणि नणंदच पाहुण्यांना सांगते कुणी भरवू नका म्हणून.

वरण-भात म्हणताना एक, पातळ वरणात मोकळा भात हा प्रकार सुरुवातीला सगळ्यात अवघड, कारण एकाच घासात पाणी आणि कण दोन्ही, पाणी आधी पळतं. वरण दाट आणि भात घोटलेला असेल तर चालतं. श्रीखंड आमच्याकडे उत्तम गेलं, साबुदाण्याची खिचडी चिकटते म्हणून बंद, पोहे सुटे पडतात म्हणून बंद, चहात बुडवलेली पोळी बंद. आईसक्रीम तोंडात पाणी होतं हे लक्षात ठेवा.

जाता जाता, हे शास्त्र आपल्याकडे मुंबईतूनच सुरू झालं. तिथल्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली, फलटणचं कमला निंबकर बालभवन ज्यांच्या नावाने आहे त्याच. मूळच्या अमेरिकन, लग्न करून इथल्या झालेल्या. इतकी वर्षं झाली आणि तरी तालुक्याच्या गावात ओटी शोधताना माणूस दमतो याचा मला खरंच राग येतो. आमच्या मॅडम दुसऱ्या गावाहून येतात, फी फिजिओइतकीच, आणि आम्ही घेतलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये पैसे वसूल झाले ते इथे.

थिकनर घेणार असाल तर सोबत १० मिलीची सिरिंज घ्या, चमच्यांच्या मापावर विसंबू नका. आयडीडीएसआय म्हणजे द्रव किती दाट ते लेव्हलने ठरवायची आंतरराष्ट्रीय पद्धत, तिची चाचणी घरी होते. पिस्टन काढायचा, खालचं भोक बोटाने बंद, १० मिलीपर्यंत द्रव भरायचा, बोट काढून बरोबर १० सेकंद सोडायचं आणि परत बंद. १ ते ४ मिली राहिला तर लेव्हल १, ४ ते ८ राहिला तर लेव्हल २, ८ च्या वर राहून थोडा तरी गळाला तर लेव्हल ३. तुमच्या पेशंटला कुठली लेव्हल ते स्पीच थेरपिस्ट सांगतील. सिरिंज मात्र पट्टीने मोजून घ्या, शून्यापासून १० च्या रेघेपर्यंत ६१.५ मिलिमीटर भरली पाहिजे. सगळ्या कंपन्यांच्या सारख्या नसतात, आमच्या मेडिकलवाल्याने दिलेली पहिली आखूड निघाली, ती त्याने बदलून दिली.