पांढरा कोट बघून "नर्स" समजू नका, आमच्या बाळाच्या वेळचा अनुभव

लांबलचक आहे, पण ज्यांच्याकडे बाळंतपण येऊ घातलंय त्यांनी वाचाच.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, रत्नागिरीजवळ. सिझर झालं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने पण झाले नव्हते, तिला खाली बसून बाळाला आंघोळ घालणं शक्य नव्हतं. पूर्वी आमच्या वाडीत मालिशवाल्या आजी यायच्या, त्या आता थकल्या. मग नवऱ्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर एका एजन्सीचा मेसेज पाठवला, "२४ तास प्रशिक्षित बेबी नर्स, हॉस्पिटलचा अनुभव". महिन्याचे २८ हजार आगाऊ आणि वर ४ हजार रजिस्ट्रेशन. जास्त वाटले, पण म्हणलं नर्स आहे, जिवाला घोर नको.

पाचव्या दिवशी बाई आल्या. पांढरा कोट, छातीवर उलटं लावलेलं घड्याळ, गळ्यात कार्ड, बॅगेत स्टेथोस्कोप. आम्ही सगळे लगेच "सिस्टर सिस्टर" करायला लागलो, आई तर त्यांना चहा पण वेगळ्या कपात द्यायची. आता स्वतःचाच राग येतो की बांगडा घेताना आम्ही चार वेळा कल्ला उघडून लाल आहे का बघतो आणि बाळ हातात दिलं त्या बाईंना एक प्रश्न विचारला नाही, शिक्षण काय, कुठे झालं, काहीच नाही. विचारायची लाज वाटली हो, खरंच.

माझं दूध उशिरा उतरलं म्हणून डॉक्टरांनी थोडे दिवस वरून पावडरचं द्यायला सांगितलेलं, पण आधी अंगावर पाजायचं आणि मग वरचं असं. सिस्टर म्हणाल्या रात्री तुम्ही झोपा, टाके आहेत, मी वरचं देते. मी झोपले. बाळ पण रात्र रात्र झोपायला लागलं. आई दोनदा म्हणाली, "अगो, एवढं कसं झोपतंय, तू तर घर डोक्यावर घ्यायचीस", त्यावर सिस्टर म्हणाल्या मालिश चांगली होतेय म्हणून, आणि आई गप्प बसली. तीन पोरं वाढवलेली बाई, पण समोर "नर्स" म्हटल्यावर गप्प.

आषाढातला पाऊस, कपडे वाळायची बोंब, पडवीत दोरी बांधून लंगोट टाकायचो आणि खाली शेगडी. पहिले दोन दिवस दोरी भरलेली असायची, मग हळूहळू चार-पाचच लंगोट. मी म्हणलं बरं झालं, धुणं कमी झालं!! हे लिहिताना आत्ता पण पोटात गोळा येतो. त्या वयाच्या बाळाला पोटभर मिळत असेल तर दिवसाला निदान सहा वेळा तरी शू व्हायला पाहिजे, हे मला नंतर हॉस्पिटलमध्ये कळलं.

आशाताई सातव्या दिवशी आलेल्या. सरकारचा नियम आहे, हॉस्पिटलात बाळंतपण झालं तरी तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस असं घरी येऊन बाळ बघायचं. भर पावसात छत्री मोडलेली घेऊन आल्या बिचाऱ्या, तर सिस्टरांनी दारातच सांगितलं बाळ आत्ताच झोपलंय, मी नर्स आहे, मी बघतेय सगळं. आणि आम्ही त्यांना चहा देऊन पाठवून दिलं.

चौदाव्या दिवशी मात्र त्या ऐकेनात. झोळीचा काटा काढला, बाळ ठेवलं. जन्माचं वजन २ किलो ७००, काटा २ किलो ३५० वर. त्यांनी दोनदा केलं. एव्हाना जन्माचं वजन तरी भरून यायला हवं होतं म्हणाल्या. मग दुधाचा डबा मागितला. आमच्या डब्यावर लिहिलंय ३० मिलीला १ सपाट चमचा. सिस्टरांना बनवून दाखवा म्हणलं तर त्यांनी १२० मिली पाण्यात २ चमचे टाकले, हे आमच्या सगळ्यांसमोर, अगदी आत्मविश्वासाने, म्हणे पातळ दिलं की पचायला हलकं जातं. म्हणजे नऊ दिवस बाळ अर्ध पाणी पीत होतं. आशाताईंनी एवढंच विचारलं, "तुमचं एएनएम का जीएनएम?", म्हणजे नर्सिंगचा कुठला कोर्स झालाय, तर उत्तर आलं, "दोन्ही नाही, नर्सिंगचं सर्टिफिकेट आहे."

त्याच दुपारी बाळाला ॲडमिट केलं. रक्तातलं सोडियम कमी झालेलं, चार दिवस ठेवलं. आता ठीक आहे, देवाची कृपा आणि आशाताईंची.

ते सर्टिफिकेट नंतर बघितलं, कुठल्यातरी क्लासचं ६ महिन्यांच्या "असिस्टंट" कोर्सचं, लॅमिनेट केलेलं. एएनएमला २ वर्षं लागतात, जीएनएमला ३, बीएस्सी नर्सिंगला ४, आणि पास होऊन पण भागत नाही, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं, ते दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं. खऱ्या नर्सकडे तो रजिस्ट्रेशन नंबर असतो, मागितला तर राग येत नाही. माझी मावसबहीण स्टाफ नर्स आहे, ती म्हणाली विचार की बिनधास्त, आम्ही तेवढ्यासाठीच तर शिकलो.

त्या बाईंवर माझा तेवढा राग नाही खरं तर. त्या आधी एका दवाखान्यात आयाचं काम करायच्या, हात चांगला होता, आंघोळ छान घालायच्या. मालिशवाली म्हणून आल्या असत्या तर आईने दुधाची बाटली त्यांच्या हातात दिलीच नसती. कोट एजन्सीने दिला, स्टेथोस्कोप पण. एजन्सीला फोन केला तर म्हणतात आम्ही नर्स कुठे म्हटलं, पावती बघा. पावतीवर बारीक अक्षरात "अटेंडंट सर्व्हिस". मेसेजमध्ये नर्स आणि पावतीत अटेंडंट! पैसे परत नाहीत, आता तर फोनच उचलत नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेत म्हणून बरं, तुम्ही पण कुणाला ठेवणार असाल तर पहिला मेसेज डिलीट करू नका.

परवा चिपळूणच्या मैत्रिणीने मला एक मेसेज फॉरवर्ड केला, चौकशीसाठी, तिची वहिनी बाळंत होणार आहे. नंबर वेगळा, एजन्सीचं नाव वेगळं, "प्रशिक्षित बेबी नर्स" तेवढं तसंच. खाली फोटो, पांढऱ्या कोटातली बाई, चेहरा कापलेला, हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. दुपट्यावर पिवळी बदकं आहेत. ते दुपटं आईने माझ्या जुन्या परकराचं शिवलंय, आत्ता या क्षणी पडवीतल्या दोरीवर वाळत आहे.