बेलच्याची जादा मूठ: गाळ उपसताना कंबर वाचते का?

दांड्याला नट-बोल्टने आवळायची ही दुसरी मूठ निघाली ती बर्फ उपसणाऱ्यांसाठी. मुंबईत तिचा उपयोग पावसाळ्यात, तळमजल्यावर पाणी ओसरल्यावर मागे राहिलेला गाळ काढायला. बेलचा चालवताना खालचा हात जितका खाली जातो, तितकं कंबरेतून वाकावं लागतं. मूठ तो हात वर आणते. एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते.

बसवण्यात मात्र गफलत होते. पातं जमिनीला टेकवा, गुडघे किंचित वाकवा, आणि पाठ न वाकवता खालचा हात सहज पोचेल तिथे मूठ आवळा. दोन्ही हातांत फूट-दीड फूट अंतर हवंच. हात जवळ आले की तेच वजन उचलायला जोर जास्त लागतो. आपल्याकडचे लाकडी दांडे सगळीकडे सारखे जाड नसतात. ते भिजले की पकड सरकते, मूठ फिरते आणि भरलेलं पातं कलंडतं. तो झटका सावरतानाच कंबरेत चमक भरते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्यावर मूठ आवळली की ती हलत नाही. तरी नट अधूनमधून तपासा.

मुठीसोबत बर्फाचं रुंद प्लास्टिक पातं मिळत असेल तर अजिबात घेऊ नका. ताजा, भुसभुशीत बर्फ लिटरमागे 100 ग्रॅमच्या आसपास भरतो, ओला गाळ दीड ते दोन किलो! 10 लिटरचं पातं म्हणजे दांड्याच्या टोकाला 15 ते 20 किलो. तिथे कुठलीच मूठ कंबर वाचवणार नाही. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारातून लहान पात्याचा बेलचा आणा आणि तोही अर्धाच भरा.

मुठीने वाक कमी होतो, पीळ नाही. वजन हातात असताना कंबरेतून वळणं मणक्यांमधल्या चकत्यांना फार घातक. घमेलं समोर, दोन विटांवर ठेवा. वळायचंच तर पावलं वळवा. सकाळी उठल्यावर पहिला तासभर हे काम नको, कारण रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगतात आणि वाकल्यावर त्यांच्यावर ताण जास्त येतो. लेप्टोच्या (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाच्या) दिवसांत गमबूट हवेतच. पकड घेणाऱ्या तळव्याचे असले तर पायही घसरत नाही.

खोल, अरुंद गटारासाठी ही मूठ घेऊ नका. ती कडेला अडकते, आणि पातं पायांच्या पातळीखाली गेलं की वाकावं लागतंच.