छोट्या विमानातला टॅबलेट : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या सप्टेंबरात मी केवळ उड्डाणासाठी म्हणून एक आठ इंची टॅबलेट घेतला, त्यावर वैमानिकांसाठीच्या एका ॲपची वर्षाची वर्गणी भरली आणि आसपासच्या विमानांची व हवामानाची माहिती रेडिओलहरींवरून पकडणारी, मुठीत मावेल एवढी एक डबी जोडीला घेतली. तेव्हापासून या तिघांच्या सोबतीने माझे साधारण सत्तर तास हवेत गेले. मी कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहते आणि रीड-हिलव्ह्यू विमानतळावरच्या एका क्लबचे १९७०च्या दशकातले सेसना १७२ भाड्याने घेऊन सुट्टीच्या दिवशी उडवते. माझा परवाना खासगी वैमानिकाचा आहे. केवळ साधनांच्या आधारे उडण्याची जादा पात्रता मी घेतलेली नाही, म्हणजे ढगांत शिरण्याची मला मुभा नाही, डोळ्यांना जमीन दिसेल तोवरच माझे उड्डाण. विमानात ऑटोपायलट नाही आणि समोरच्या फळीवर एकही पडदा नाही, सगळी साधने काट्यांची आहेत. पुढचा अनुभव या मर्यादेत वाचावा.

कोणते ॲप, हे मी मुद्दाम सांगत नाही. अमेरिकेतल्या छोट्या विमानांत आयपॅड आणि फोरफ्लाइट ही जोडी सर्वत्र दिसते, गार्मिन पायलट वापरणारेही पुष्कळ आहेत, अँड्रॉइडवर ॲव्हेअर हे फुकटचे ॲप आहे आणि युरोपातले वैमानिक स्कायडेमॉनची स्तुती करतात. मला जे म्हणायचे आहे ते यांपैकी कशालाही लागू पडेल.

मी शिकले ते कागदावर. पाच लाखांस एक या प्रमाणातला सॅन फ्रान्सिस्कोचा नकाशा, पट्टी, पेन्सिल आणि वाऱ्याचे गणित सोडवणारी ई-सिक्स-बी नावाची गोल सरकपट्टी. घरच्या जेवणाच्या टेबलावर हे सगळे फार सुरेख चालते. हवेत मात्र तो नकाशा उलगडून पुन्हा हव्या त्या बाजूने घडी घालणे म्हणजे चालत्या रिक्षात बसून नऊवारी नेसण्यासारखे आहे. त्यामुळे टॅबलेट घेण्यामागे माझा पहिला हेतू हा पसारा आवरण्याचा होता आणि तो पहिल्याच उड्डाणात साध्य झाला. कायद्याचीही आडकाठी नव्हती, कारण खासगी, बिनव्यावसायिक उड्डाणात कागदाऐवजी पडदा वापरण्यासाठी अमेरिकेत वेगळी मंजुरी घ्यावी लागत नाही; माहिती ताजी आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी मात्र वैमानिकाचीच असते.

अनपेक्षित होते ते असे, की या साधनाचा सर्वांत मोठा उपयोग इंजिन सुरू होण्याच्या आधी होतो. मार्ग आखला की वारा, वेळ, इंधन आणि वाटेतल्या डोंगरांचा उभा छेद एकाच वेळी समोर येतो. उंची बदलून पाहिली तर कोणत्या थरात समोरचा वारा कमी आहे ते क्षणात कळते. पूर्वी या खटाटोपाला तास लागे, आणि म्हणूनच मी दुसरा पर्याय तपासून पाहण्याचा कंटाळा करत असे. आता तीन-तीन पर्याय पाहते. वजनाच्या हिशेबाचेही तसेच. मे महिन्यात सांगलीहून मामा, मामी आणि मामेभाऊ आले होते, त्यांना समुद्रकाठच्या हाफ मून बेला न्यायचे ठरले. या विमानाचे कमाल वजन २,३०० पौंड आहे. टाक्या भरलेल्या धरून चौघांची वजने घातल्यावर हिशेबाची आकृती लगेच लाल झाली. इंधन कमी घेतले की ती हिरवी होत होती, कारण एक गॅलन पेट्रोल म्हणजे सुमारे सहा पौंड, आणि पल्लाही जवळचा होता. मात्र निघण्यापूर्वी मला शंका आली म्हणून म्हटले, “मामा, रागावू नका, पण एकदा काट्यावर उभे राहता का?” मामांनी तोंडी सांगितलेले वजन आणि काट्याने सांगितलेले वजन यांत अकरा किलोंचा फरक निघाला. ॲप बेरीज अचूक करते. मामांना काट्यावर उभे करणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. आणखी थोडे इंधन कमी घेतले आणि मग गेलो.

हवेतला खरा फायदा मला हवाई क्षेत्रांच्या हद्दींपाशी जाणवला. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाभोवतीचे नियंत्रित क्षेत्र उलट्या ठेवलेल्या उतरंडीसारखे आहे: मध्यभागी जमिनीपासून सुरू होणारे, आणि जसजसे लांब जावे तसतसा त्याचा तळ उंच उंच होत जाणारे, वरचा काठ १०,००० फुटांवर. हवाई नियंत्रकांच्या परवानगीशिवाय त्यात शिरायचे नाही आणि खाली तर डोंगर, अशा चिंचोळ्या जागेतून आम्हा छोट्या विमानवाल्यांना वाट काढावी लागते. कागदावर या हद्दी महामार्ग आणि तलाव यांच्या अंदाजाने ओळखाव्या लागत, त्यामुळे मी नेहमी मैल-दोन मैल जादा अंतर राखून, कधी विनाकारण वळसा घालून जात असे. आता पडद्यावर माझे विमान आणि ती रेघ दोन्ही दिसतात. एक सावधगिरी मात्र कुणीतरी आधीच सांगायला हवी होती. टॅबलेट दाखवतो ती उंची जीपीएसची असते, आणि हद्दीचा तळ मोजायचा तो हवेच्या दाबावर चालणाऱ्या उंचीमापकाने. उष्ण दिवशी या दोन आकड्यांत शे-दोनशे फुटांचे अंतर सहज पडते. आडव्या हद्दीसाठी टॅबलेट, उभ्या हद्दीसाठी समोरचा काटा, असा नियम मी स्वतःपुरता करून टाकला आहे.

अनोळखी विमानतळावर उतरल्यावर जमिनीवरची वाट शोधतानाही त्याचा फार आधार वाटतो. माँटेरेसारख्या ठिकाणी कंट्रोलर भराभर वळणे सांगतो; तेव्हा विमानतळाच्या आराखड्यावर आपलाच ठिपका सरकताना पाहणे आणि धावपट्टीजवळ येताच सूचना ऐकू येणे, याला माझ्या लेखी वर्गणीची निम्मी किंमत आहे.

डबीविषयी माझे मत मिश्र आहे. जानेवारी २०२० पासून अमेरिकेत मोठ्या विमानतळांच्या परिसरात आणि १०,००० फुटांच्या वर उडणाऱ्या बहुतेक विमानांना आपले स्थान एडीएस-बी यंत्रणेने प्रक्षेपित करणे बंधनकारक आहे. डबी तेच प्रक्षेपण ऐकते. त्यामुळे कितीतरी विमाने मला डोळ्यांनी दिसण्याआधी पडद्यावर दिसली. पण ग्लायडरना, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांना, या नियमातून सूट आहे, आणि हॉलिस्टर गावाच्या बाजूला ती नेमकी उडत असतात. एका दुपारी पडदा पूर्ण रिकामा असताना माझ्या उजवीकडून, माझ्याच उंचीवर, एक पांढरे ग्लायडर संथपणे वळून गेले. रिकामा पडदा पाहून माझी मान फिरायची थांबली होती, हे मला तेव्हा कळले.

पावसाच्या रंगीत चित्राबद्दल तर अधिक जपून बोलले पाहिजे. हे चित्र फुकट मिळते, पण अनेक रडारांची निरीक्षणे जुळवून ते तयार होते. त्यावर ‘पाच मिनिटांपूर्वीचे’ असे लिहिलेले असले तरी तो वेळ चित्र जुळवल्यापासूनचा असतो, त्यामागची निरीक्षणे त्याहूनही जुनी असू शकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्येच इशारा दिला होता, की चित्राचे खरे वय दाखवलेल्या वयापेक्षा पंधरा-वीस मिनिटांनी जास्त असू शकते. वादळ तेवढ्या वेळात मैलोगणती सरकते. म्हणून ‘आज त्या बाजूला जायचेच नाही’ हे ठरवण्यासाठी मी ते चित्र वापरते. दोन सरींमधली फट शोधण्यासाठी वापरत नाही.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ॲप प्रत्येक उड्डाणाचा माग नोंदवून ठेवते आणि नंतर उंचीचा आलेखही दाखवते. डिसेंबरात एका संध्याकाळी सहज तो आलेख पाहत होते. ४,५०० फुटांवर सरळ जायचे असताना रेघेत चार ठिकाणी खळगे होते, प्रत्येक दीडशे-दोनशे फुटांचा. आठवून पाहिले तेव्हा चारही जागा ओळखीच्या निघाल्या: एके ठिकाणी मी मार्ग बदलला होता, एके ठिकाणी पुढच्या टॉवरची रेडिओ-वारंवारता शोधत होते, एके ठिकाणी नकाशा मोठा करून एका गावाचे नाव वाचत होते, आणि चौथ्या ठिकाणी काहीच काम नव्हते, नुसतीच पडद्याकडे पाहत होते. मी खाली पाहत असताना विमानाचे नाक हळूच झुकत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. कागदी नकाशाच्या काळातही मी खाली पाहत असणारच, पण कागद हाताला चिकटून राहत नसे. त्यात बोटाने सरकवण्यासारखे आणखी काही नसे. त्यानंतर मी हवेत मार्ग बदलणे जवळजवळ बंद केले. संभाव्य पर्यायी विमानतळ जमिनीवरच टिपून ठेवते, वारंवारता कागदावर क्रमाने लिहिते, आणि पडद्याला हात लावण्याआधी विमानाचा तोल तंतोतंत बसवून घेते. अलीकडच्या आलेखांत खळगे आहेत, पण पन्नास-साठ फुटांचे.

जुलैतला प्रसंग उष्णतेचा. मध्य कॅलिफोर्नियाच्या सपाट खोऱ्यात, पाच क्रमांकाच्या महामार्गाला लागून हॅरिस रँच नावाचे उपाहारगृह आहे आणि त्याला स्वतःची, जेमतेम तीस फूट रुंद धावपट्टी आहे. वैमानिक तिथे मांसाहारासाठी जातात. मी शाकाहारी असूनही केवळ त्या धावपट्टीसाठी जाते. तासभर विमान उन्हात उभे, टॅबलेट आतच आसनावर राहिलेला, परतताना तो काचेला चिकटवलेला, प्रकाश पूर्ण आणि चार्जिंगही सुरू. आयपॅडसाठी सभोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगितलेली असते, इतर टॅबलेटांचेही फार वेगळे नसते. त्या दिवशी जमिनीवरच चाळीसच्या जवळपास होते. वायव्येकडे निघून मी लॉस बॅनोस गावापाशी पोहोचते न पोहोचते तोच पडदा काळा झाला आणि त्यावर तापल्याची सूचना तेवढी उरली.

धोका असा काही नव्हता. डाव्या हाताला समोर सॅन लुइस जलाशय एवढा मोठा पसरलेला होता की चुकणे शक्यच नव्हते. तिथून १५२ क्रमांकाचा रस्ता धरून पाचेको खिंडीवरून गिलरॉय, मग १०१ महामार्गाच्या काठाने उत्तरेला, आणि ईस्टरिज मॉलचे छप्पर दिसले की शेजारी रीड-हिलव्ह्यू. पण फोन मागच्या आसनावरच्या पिशवीत होता, कागदी नकाशा भलत्याच बाजूने घडी घातलेला होता, आणि शेवटची खूण मी कोणत्या मिनिटाला ओलांडली हे कुठेच टिपलेले नव्हते. ही शेवटची गोष्ट मला लागली. टॅबलेट काढून पंखाच्या मुळाशी असलेल्या हवेच्या झरोक्यासमोर धरला, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांनी, गिलरॉयवर, तो पुन्हा सुरू झाला.

त्या दिवसापासून टॅबलेट काचेवर नसून डाव्या मांडीवरच्या पट्ट्यात असतो, पाठीचे जाड आवरण काढलेले, उन्हाळ्यात चार्जिंग केवळ गरजेपुरते. फोन खिशात, त्यावर तेच नकाशे उतरवलेले. आणि दर दहा मिनिटांनी वेळ व खालची खूण पेन्सिलीने लिहायची, जशी शिकताना लिहीत असे.

किरकोळ तक्रारी अशा. पोलरॉइड गॉगल घातला की पडदा एका कोनात पार काळा दिसतो, तेव्हा साधा काळा चष्मा घ्यावा. पांढरा सदरा घातला तर नकाशाऐवजी स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. हवा खवळलेली असली की बोट एकीकडे नेले तर दुसरीकडे पडते. अंगठा चौकटीला टेकवून मग बोट टेकवावे. नकाशांचा संच ५६ दिवसांनी आणि इतर बरीच माहिती २८ दिवसांनी बदलते. एकदा मी ती उतरवून घ्यायला विसरले आणि विमानतळावरच्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर अर्धी सकाळ घालवली. दोष माझा. टॅबलेटवर मुलीला चित्रे काढू द्यायची नाहीत, हा नियम घरात अजून वादग्रस्त आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या वाळवंटी लष्करी क्षेत्रांत जीपीएस विस्कळित करणाऱ्या चाचण्या होतात आणि त्यांची सूचना आधी प्रसिद्ध होते. ती वाचायची सवय ठेवावी, कारण जितके उंच जावे तितके त्या चाचणीचे वर्तुळ मोठे असते.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपते आहे आणि मी ती पुन्हा भरणार आहे, मात्र सर्वांत खालच्या टप्प्याची; वरच्या टप्प्यांतल्या सोयी ढगांतून उडणाऱ्यांच्या कामाच्या. नवीन घेणाऱ्यांनी टॅबलेट आठ इंचांहून मोठा घेऊ नये, कारण मोठा सेसनाच्या सुकाणूला अडतो. आयपॅड घेणार असाल तर सिमकार्डाची सोय असलेलाच घ्या. सिम घालायची गरज नाही, पण केवळ वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते, आणि हे बऱ्याच जणांना धावपट्टीवर गेल्यावर कळते.